नाव राहू दे

काकांची सायकल चोरीला गेली तेव्हा काका दारात उभे राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि काकू आत मटार सोलता सोलता चोराची बाजू मांडत होत्या.

"त्याला कामावर लांब जायचं असेल. तुम्ही कुलूप लावलं नव्हतं. वर ती सायकल दिसतेही अशी, की कुणी टाकून दिली असंच वाटावं."

"अगं, सायकल माझी गेली की त्याची?"

"तुमचीच. म्हणून तर तुमची बाजू मांडायला तुम्ही आहात. त्याची मांडायला इथे आहे कोण?"

काका कपाळाला हात लावून आत आले. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून झटतो, आणि घरी बायको त्याला समोरच्याची बाजू दाखवत बसते. "चोर सापडला असता तर हिनेच त्याला जामीन मिळवून दिला असता," असं ते पुढे दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले.

हे सगळं सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होती ती त्यांची पुतणी. शिकायला म्हणून आई-वडिलांनी तिला काका-काकूंकडे ठेवलेलं. तिला घरात सगळे टकळी म्हणत. उगाच नाही म्हणत. सकाळी डोळा उघडला की तिच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची ती उशीवर डोकं पडेपर्यंत. झोपेतही ती कुणाला तरी काहीतरी पटवून देत असते, असं काकांचं म्हणणं होतं.

काकू कॉलेजच्या कायदा विभागात संशोधन सहायक होत्या. नोकरी कंत्राटी. दर वर्षी प्राचार्यांची सही झाली की पुढचं वर्ष पदरात. आणि विषय कोणता? तर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांचे हक्क! म्हणजे कॉलेजातली पोरं जी चार पानं छापतात, ती कुणी, कधी, कशी बंद पाडली, कायदा त्यावर काय म्हणतो, आणि मुख्य म्हणजे कुठे काहीच म्हणत नाही. त्यावर त्यांचा प्रबंध चालला होता. किती वर्षं, ते विचारायचं नाही. काका म्हणत, "आमच्या घराला रंग दोनदा झाला, प्रबंधाला पहिला हात अजून चाललाय."

"जगात एवढाली वर्तमानपत्रं पडलीयत आणि तुला पोरांची चिटोरीच कशी गं दिसली?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"मोठ्यांना वकील असतात," काकू म्हणाल्या आणि पान उलटलं.

टकळीला सुरुवातीला काकू म्हणजे अगदीच रुक्ष बाई वाटायची. निवाडे वाचते, चहा गार करते, कुणी केस कापून आलं आणि "कसे दिसतात?" विचारलं तर खरं सांगते. खोटं बोलणं काकूंना येतच नसे. नैतिक वगैरे कारण सोडा, जमायचंच नाही. काकांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून गुपचूप बेत केला, तर काकांनी नुसतं "आज काही आहे का?" म्हटल्यावर बाईंनी "आहे" म्हणून सांगून टाकलं. तेव्हापासून घरातलं कुठलंही गुपित काकूंपासून आधी लपवायचं, असा नियमच पडला.

मग टकळी कॉलेजच्या 'खडू' या वर्तमानपत्राची संपादक झाली. कौतुकाने म्हणा की काळजीने म्हणा, काकू तिला प्रबंधाच्या एका मुलाखतीला, एका दंतवैद्याकडे घेऊन गेल्या. हा दंतवैद्य तरुणपणी आपल्या कॉलेजच्या वर्तमानपत्राचा संपादक होता. दात तपासायच्या त्याच खुर्चीत काकूंना बसवून तो बोलत होता, आणि टकळी स्टुलावर बसून ऐकत होती. परीक्षेचे पेपर आधीच विकले जातात ही बातमी त्याने छापली होती. त्याला काढून टाकलं. नंतर दुसरीकडे शिकला, दात बरे करायला लागला, डोक्यावरचे केस गेले. पण ते सांगताना तो हातातला छोटा आरसा पुन्हा पुन्हा पुसत होता. शेवटी तो म्हणाला, "मला हे ज्यांनी सांगितलं ना, त्यांचं नाव मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो."

काकूंनी झटकन तळहात वर केला. रेकॉर्डर बंद केला.

"नाव राहू दे."

"अहो, आता काय होणारे? तो माणूस केव्हाच गेला."

"त्यांची मुलं असतील," काकू म्हणाल्या. "आणि मला खोटं बोलता येत नाही. कुणी विचारलं तर काय सांगू? जे मला माहीतच नाही ते माझ्याकडून कुणाला काढता यायचं नाही."

दंतवैद्य त्यांच्याकडे बघतच राहिला. टकळीही. बाहेर पडल्यावर ती तोंडाने भलतंच बडबडत होती, पण डोक्यात तेच घोळत होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी माणसं कान टवकारून बसतात, ती आयती हातात येत असताना ही बाई दार लावून घेते! असल्या बाईच्या घरात आपण राहतो आणि तिला रुक्ष म्हणतो, याची टकळीला तेव्हा लाज वाटली.

पुढे 'खडू'मध्ये टकळीने वसतिगृहाची बातमी छापली. मुलींच्या वसतिगृहाला मागून एक दार होतं, आग लागली तर बाहेर पडायला. त्याला साखळी आणि कुलूप. त्याचा फोटो टकळीने स्वतः काढला. पण बातमीचा खरा दणका पुढे होता. आग लागली तर काय करायचं याचा सराव दर सहामाहीला घेतला जातो, अशी कागदावर नोंद होती. प्रत्यक्षात असा सराव कधी झालाच नव्हता. हे टकळीला वसतिगृहात नोकरी करणाऱ्या एका माणसाने सांगितलं होतं. माणूस म्हटलं म्हणजे पुरुषच, असं लगेच समजू नका. बाईही माणूसच असते. याहून जास्त इथे सांगणार नाही.

कॉलेज पेटलं. म्हणजे वसतिगृह नाही, प्राचार्य. टकळीला शिस्तपालन समितीपुढे हजर राहण्याचा हुकूम आला: सरावाबद्दल आतून कुणी सांगितलं त्याचं नाव द्यायचं, नाहीतर वार्षिक परीक्षेला बसायचं नाही. पालक म्हणून घरचं एक माणूस सोबत आणता येईल. आई-वडील लांब, तेव्हा काकूंनीच जायचं ठरलं.

"नाव दिलं तर काय होईल?" काकांनी विचारलं.

"त्या माणसाची नोकरी जाईल," टकळी म्हणाली. "घर त्या एका पगारावर चालतं. मी शब्द दिलाय, काका."

"आणि नाही दिलं तर तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे!" टकळी तावातावाने म्हणाली खरी, पण तिचा आवाज चिरकला.

काकूंनी तिची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. वकिलांसारखी नाही, त्यांची पद्धत वेगळी. संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी टकळीला बसवलं आणि म्हणाल्या, "आता तू प्राचार्य."

टकळीने पोट पुढे काढलं, घसा खाकरला आणि प्राचार्यांची हुबेहूब नक्कल केली. काका खो खो हसले. काकू हसल्या नाहीत.

"नक्कल नको. बाजू मांड. तुझ्या भरवशावर लोकांनी मुली ठेवल्यात. चार पानं छापून आली आणि सकाळपासून पालकांचे फोन सुरू झालेत. बोल आता."

टकळी बोलायला लागली. आधी फुसकं बोलली. काकूंनी परत बोलायला लावलं. मग परत. असं करता करता एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की प्राचार्यांची भीती तिला आतून समजू लागलीय. कुलूप त्यांनी मुद्दाम मुलींना कोंडायला लावलं नव्हतं. बाहेरचं कुणी आत शिरू नये म्हणून लावलं होतं, आणि मग ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिला प्राचार्यांची दयाच आली. ती काकूंना म्हणाली, "अगं, मग मी चुकले का?"

"आता तू तयार झालीस," काकू म्हणाल्या. "आता याला उत्तर दे."

काय बाई होती! आपल्याच घरच्या मुलीला आधी पार मोडायची आणि मग उभी करायची. टकळीने तोवर अनेक हुशार माणसं पाहिली होती. पण स्वतःच्या विरुद्ध इतक्या प्रामाणिकपणे विचार करणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

शेवटी काकू स्वतः समिती झाल्या. काका तेव्हा दुकानात होते. काकू ओरडल्या नाहीत, दरडावलं नाही. उलट आवाज इतका मऊ केला, की टकळीला आपली आईच समोर बसलीय असं वाटलं.

"दमलीस ना बाळ? आम्हालाही हे आवडत नाही. त्या माणसाला आम्ही काही करणार नाही. सराव झाला नाही हे खरं निघालं तर त्याचे आभारच मानू. पण खात्री नको का करायला? एवढं ओझं तू एकटीने का वाहायचं?"

टकळी दमलीच होती. अभ्यास झाला नव्हता, वर्गातली निम्मी मुलं तिच्याशी बोलत नव्हती. आणि समोर काय, काकूच तर होती. तिच्या तोंडून नाव निघून गेलं.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, धुतलेली कपबशी पुन्हा धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"काकू, अगं तूच तर आहेस. तुला सांगितलं तर काय झालं?"

"फुटतं ते असंच फुटतं गं," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "शत्रूला कोण सांगतं? सगळे आपल्याच माणसाला सांगतात."

तेवढ्याने टकळीला उमगलं, आपण काय करून बसलो ते. ती ढसाढसा रडली. काकू समितीपुढे येणार, समिती त्यांना विचारणार, आणि काकूंना खोटं बोलता येत नाही! तिने हात जोडले. "तू येऊ नकोस. काकांना पाठव."

"काका? त्यांना दोन प्रश्न विचारले की ते तुझ्या जन्मापासूनची हकिगत सांगतील. आणि मी आता लपून बसले तर तेही खोटंच." काकूंनी तिचे डोळे पदराने पुसले. "तुला रागवावं असं मनात खूप आहे. पण चूक माझीही आहे. समितीचं एवढं चांगलं काम करायला नको होतं मी."

समितीची खोली थंड होती. वातानुकूलन यंत्र कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत होतं. लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. मधोमध समितीच्या अध्यक्ष, रसायनशास्त्राच्या वयस्क बाई. एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला कॉलेजचे वकील. वकीलसाहेबांनी काही फारशी तयारी केलेली दिसत नव्हती. ते "संस्थेची बदनामी" एवढंच फिरवून फिरवून सांगत होते.

टकळीला बोलायला सांगितलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "आधी सरांची बाजू मी मांडते."

वकील चपापले. टकळीने मांडली. पालकांचे फोन, मुलींची जबाबदारी, बाहेरून कुणी शिरेल ही भीती, आतल्या माणसाने आपल्याला न सांगता बाहेर सांगितलं याचं दुःख. अशी मांडली की प्राचार्य नकळत मान डोलवायला लागले. आपलं म्हणणं इतकं नीट त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "हे सगळं खरं आहे सर. पण आग लागली असती तर दार उघडलं असतं का?"

"कुलूप आता काढलंय," प्राचार्य बोलून गेले.

"म्हणजे होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या प्रयोगशाळेत एकदा आग लागली होती. दार उघडं होतं, म्हणून मी आज इथे आहे. आणि सराव?"

प्राचार्य बादलीकडे बघत राहिले.

"पण मुद्दा तो नाही," वकील घाईने म्हणाले. "मुद्दा नावाचा आहे. ही मुलगी पत्रकार नाही, विद्यार्थिनी आहे. पत्रकाराचं संरक्षण हिला लागू होत नाही."

"पगार घेऊन खरं सांगतो तो पत्रकार," टकळी म्हणाली, "आणि फुकट सांगतो तो गुन्हेगार, असं आहे का?"

हे वाक्य तयारीतलं नव्हतं. काकूंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

वकीलसाहेब तापले. पोरीकडून काही निघत नाही हे बघून ते सहज म्हणून काकूंकडे वळले. "मॅडम, तुम्ही तर घरच्या. तुम्हालाही माहीत नाही म्हणता?"

एकदाच, मनातल्या मनात टकळी म्हणत होती, फक्त एकदाच खोटं बोल गं काकू. कुणाला कळणार नाही. सगळं जग बोलतं.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

वकिलांनी पेन उघडलं.

"सांगा मग."

"नाही सांगणार." काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मोठा झाला नव्हता. "पण नाव आता माझ्याकडे आहे. आणि मी विद्यार्थिनी नाही, तुमची नोकर आहे. तेव्हा या मुलीला कशाला धरून बसलात? तिला परीक्षेला बसू द्या. यापुढे जे विचारायचं ते मला विचारा."

"तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे, याची कल्पना आहे ना?" प्राचार्य म्हणाले.

"आहे. तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच सुचलं असतं, सर. मी तुमच्यावर रागावले नाही." काकू म्हणाल्या. "पण आग लागली असती, तर ठपका तुमच्यावरच आला असता. त्या माणसाने आधीच सांगितलं म्हणून तुम्ही वाचलात. त्याचं नाव तुम्हाला शिक्षा करायला हवंय. ते मी देणार नाही."

टकळी त्या बुटक्या, चहा गार करणाऱ्या बाईकडे बघत होती. ज्या चुकीपायी ती रात्रंदिवस कपाळ बडवत होती, तीच काकूंनी उचलली आणि ढालीसारखी पुढे धरली. नाव माहीत नसतं तर काकूंना हे ओझं स्वतःकडे ओढून घेताच आलं नसतं. आणि त्यासाठी त्या एक अक्षरही खोटं बोलल्या नव्हत्या. टकळीला वाटलं, आता इथे काही बोलू नये. आणि आयुष्यात पहिल्यांदा, सांगण्यासारखं खूप असताना, टकळी बोलली नाही.

अध्यक्षबाईंनी निर्णय लिहिला: कुलूप होतं हे संस्थेला मान्य आहे, मुलीला परीक्षेला बसू द्यावं. नावाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. काकूंची मुदतवाढ मात्र झाली नाही. कारण काहीच कळवलं नाही. ओळखपत्र परत घेतलं, ग्रंथालयाचं दारही बंद झालं.

काकांनी दुकानात मागच्या बाजूला, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली, एक टेबल टाकून दिलं. "इथे बसून लिही. अक्षरं कमी पडली तर वरची घे," ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनी पाठ फिरवली आणि स्वतःचाच चष्मा बराच वेळ पुसत राहिले. प्रबंध तिथे सुरू राहिला. कुठली कुठली पोरं आपली चार पानं घेऊन त्या दुकानात यायला लागली, आणि काकू त्यांना आधी विरुद्ध बाजू मांडायला लावायच्या. गिऱ्हाइकं चष्म्याची फ्रेम निवडता निवडता कान देऊन ऐकायची.

टकळी परीक्षा झाल्यावर दुकानात मदतीला बसायची. एका दुपारी दार ढकलून कुणीतरी आत आलं. वसतिगृहात नोकरी करणारं तेच माणूस. टकळीला बघून पाय उंबऱ्यातच थबकले. परत फिरावं की काय, असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. टकळीने मान खाली घातली आणि काचा पुसत राहिली. काकूंनी लिहिता लिहिता एकदा वर पाहिलं. त्यांची पापणीही हलली नाही. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "या ना, बसा."

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे तपासले, नंबर काढला, पावतीचं पुस्तक पुढे ओढलं आणि पेन उघडून विचारलं, "हं, नाव काय लिहू?"

माणसाने दाराकडे पाहिलं.

"नाव राहू दे," मागून काकू म्हणाल्या. मान प्रबंधातच होती. "नुसता नंबर लिहा."

"अगं, नावाशिवाय मला कसं कळणार चष्मा कुणाचा ते?"

"घालून बघतील," काकू म्हणाल्या. "दिसलं की त्यांचाच."